टबाखालचं कपाट

९ ऑक्टोबर

टब पसंत केला! दुकानातल्या माणसाचा आज मी पुरता जीव खाल्ला. आधी त्याने हलका, प्लास्टिकसारख्या मालाचा एक दाखवला. वळण जुनं, गोल कड, चार पाय, सगळं जागच्या जागी. मी बोटाने टकटक करून पाहिलं तर बादलीसारखा आवाज. त्याला म्हटलं, "अहो, जन्मभर बादलीतून अंघोळ केली, आता बादलीत बसून करू का?" तेव्हा कुठे स्वारी मला मागच्या दालनात घेऊन गेली.

तिथे तो होता. ओतीव लोखंडाचा. आतून पांढराशुभ्र, बाहेरून गडद हिरवा, पाठ टेकायची बाजू उंच, आणि खाली सिंहाच्या पंजांचे चार पाय. भिंतीला न चिकटता खोलीच्या मधोमध ऐटीत उभा राहणारा. टकटक केलं तर घंटेसारखा घुमला. मी तिथल्या तिथे विरघळले.

"मॅडम, वजनाला फार आहे हं," तो म्हणाला. "वरच्या मजल्यावर बसवणार असाल तर घरात एकदा विचारून घ्या."

"विचारायचं कुणाला? घर माझंच आहे," मी म्हटलं. घर अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर आहे, पण ते त्याला सांगायची काय गरज?

हे गेल्यापासून वरची लांब खोली नुसती धूळ खात पडली आहे. मी खालीच झोपते. ती खोली आता मी प्रवाशांना भाड्याने देणार. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला खिडकीसमोर टब. फोटो बघूनच लोक येतील. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की लग्न होऊन या घरात आल्यापासून मी एकदाही निवांत अंघोळ केलेली नाही. दाराबाहेर सदा कुणीतरी उभं आणि "झालं का?" सुरू. एकदा तरी मला पाय लांब करून गरम पाण्यात पडायचंय आणि कुणी हाक मारायची नाही.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "लोखंडाचा? वर? अगं, त्या मधल्या तुळईला..."

मी पुढे बोलूच दिलं नाही. खिडकीचे पडदे बदलले तेव्हाही त्यांनी असंच काहीतरी काढलं होतं. म्हटलं, "तुळई, खांब, भिंत, काही ना काही निघतंच तुमचं. माझं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही, हेच खरं."

ते लालबुंद झाले. "ठीक आहे. या घरात आजपासून मी तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

"माझ्याही कानांना तेवढाच आराम," मी म्हटलं. दोघांनी ताटं उचलली आणि आपापल्या खोल्यांत गेलो.

११ ऑक्टोबर

अबोला चालू आहे. अप्पा शब्दाचे पक्के, हे मला कबूल. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून आता ते बोक्याशी बोलतात. मी समोर उभी असताना त्या मांजराला म्हणतात, "बोक्या, सांग, चहात साखर नाही." मीही काही कमी नाही. डबा त्यांच्यापुढे आपटला आणि बोक्याला म्हटलं, "सांग त्यांना, हात आहेत." बोक्या बिचारा एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे.

१७ ऑक्टोबर

प्लंबर जागा बघून गेला. माणूस कामाचा वाटतो, पण प्रश्न फार विचारतो. पाणी कुठून आणायचं, सांडपाण्याचा पाइप खिडकीखालच्या भिंतीतून कसा काढायचा, हे सगळं ठरलं. मग वाकून त्याने फरशीवर बुक्की मारली.

"मॅडम, खाली काय आहे?"

"सासऱ्यांची खोली."

"नाही, म्हणजे या फरशीखाली. लाकूड की सिमेंट?"

"लाकडी तुळया. जुनं काम आहे, भक्कम."

"एकदा खालून बघायला पाहिजे. टब लोखंडाचा, त्यात पाणी, त्यात माणूस."

"माणूस नाही, माणसं. जोडपी येणार आहेत," मी म्हटलं. तो हसला नाही.

जिना उतरलो तर अप्पा दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात उभे. आत या म्हणत नव्हते, बाजूला होत होते तेवढंच. आता आत जायचं तर मला "जरा खोली दाखवा" असं काहीतरी म्हणावं लागलं असतं. म्हणजे आधी मी बोलले असते! ते याचीच तर वाट बघत होते. मी प्लंबरला म्हटलं, "झोपायची वेळ झाली त्यांची, नंतर बघू." तो म्हणाला, "मग जबाबदारी तुमची." म्हटलं, "आहेच माझी."

अप्पा किती तरी वेळ तसेच दारात उभे होते. माघार कोण घेतं ते बघूच.

२४ ऑक्टोबर

टब आला. जिन्याचा कठडा काढावा लागला. सहा जण दोरखंड लावून एकेक पायरी चढवत होते आणि मी वरून ओरडत होते, "कड सांभाळा, रंग जाईल!" एकदा एकाचा हात सटकला तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. शेवटी टब जागेवर टेकवला तशी स्वयंपाकघरातली भांडी एकदम वाजली. मी जिन्यातून खाली डोकावले. सगळे टबाकडे बघत होते, अप्पा मात्र आपल्या खोलीत मान वर करून छताकडे बघत उभे होते. टबाकडे एकदा सुद्धा नजर टाकली नाही. इतका राग धरू नये माणसाने.

तो मात्र खिडकीसमोर असा दिसतो की बघतच राहावं. ह्यांनी बघितला असता तर आधी खर्च विचारला असता आणि मग स्वतःच आत उतरून बसले असते. या खोलीत फार दिवसांनी हसू आलं.

२७ ऑक्टोबर

नळ बसले, पाइप जोडला. प्लंबरने कडेवर लेव्हलची पट्टी ठेवून तिच्यातला बुडबुडा बरोबर मध्ये आणून दाखवला. अर्धा टब पाणी भरलं, सोडलं, गडगड करत निघून गेलं. मी टाळ्या वाजवल्या.

अप्पांनी खाली नवीनच खूळ काढलं आहे. त्यांचं ते सागवानी कपाट त्यांनी भिंतीपासून ओढून खोलीच्या ऐन मध्यावर आणून ठेवलंय. या वयात एकट्याने कसं ओढलं देव जाणे. पलंग लोटला कोपऱ्यात. आता खोलीत शिरलं की समोर कपाट, वळसा घालून पलंग. बोक्याला विचारलं, "हे काय आता?" बोक्याच्या तर्फे उत्तर आलं, "बोक्या, सांग, ज्याचं त्याला कळतं."

३१ ऑक्टोबर

कपाटाने भागलं नाही. त्यावर जुन्या टेबलाचे पाय, ओंडके आणि जाड फळ्या रचल्या आहेत, थेट छतापर्यंत. वरच्या फटीत लाकडी पाचरी. आणि रोज सकाळी उठून स्टुलावर चढायचं आणि ठोकायचं. ठक ठक ठक. थांबायचं, कान लावायचा, पुन्हा ठक ठक. मला छळायचा याहून चांगला उपाय त्यांना सुचला नसावा. मीही रेडिओ मोठ्याने लावते.

त्यांच्या अंथरुणावर चुन्याची भुकटी पडलेली असते. रोज ठोकल्यावर दुसरं काय पडणार? दारही हल्ली घासतं, ढकलल्याशिवाय लागत नाही. हवेत ओल आहे.

पण खरं सांगायचं तर आज मला राग नाही, भीती वाटली. स्टुलावर उभे असताना त्यांचे पाय थरथरत होते. ओठ हलत होते, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. ताईंना, म्हणजे माझ्या नणंदेला, फोन केला. सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "आमच्या मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं. सामान हलवायचे." मला एकदम रडू आलं. कितीही झालं तरी आता या घरात आम्ही दोघंच आहोत.

३ नोव्हेंबर

टबात पाणी उरायला लागलं आहे. भोक पायाकडे आणि पाणी साचतं पाठीकडे! प्लंबरला बोलावून खडसावलं. त्याने लेव्हल ठेवली, बुडबुडा एका बाजूला पळालेला.

"त्या दिवशी तर बरोबर होतं," तो म्हणाला. "तुमच्यासमोर दाखवलं मी."

"मग टब काय आपल्या पायांनी चालत गेला?"

त्याने त्या बाजूच्या पंजाखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या. बुडबुडा मध्ये आला, पण त्याच्या चेहऱ्यावरची शंका गेली नाही. "मॅडम, आज खालून बघतोच."

आणि अप्पा पुन्हा दार उघडून तयार! या वेळी तर प्लंबरला हाताने बोलावत होते. माझी पाचावर धारण बसली. तो आत गेला असता तर कपाट, ओंडके, पाचरी सगळं त्याच्या दृष्टीस पडलं असतं. चार घरं फिरणारा माणूस. अमक्यांच्या सासऱ्यांचं डोकं फिरलंय, हे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं. मी झटकन पुढे होऊन दार ओढून घेतलं. घासत होतं, खांदा लावावा लागला. "त्यांना बरं नाही," मी म्हटलं.

आतून एक ठोका आला. एकच. पाचर ठोकल्याचा नव्हता, दारावर मारल्याचा होता.

९ नोव्हेंबर

ताई आल्या. बाप-लेकीचं बंद दाराआड बरंच बोलणं झालं. ताई बाहेर आल्या त्या डोळे पुसतच.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, छत खाली येतंय. म्हणतात, तुझ्या वहिनीला सांग. तिला वर जाऊ देऊ नकोस. मी गेलो तर इथे ठोकणार कोण?"

आम्ही दोघी आत जाऊन बघून आलो. छत जिथल्या तिथे होतं. मधल्या तुळईपाशी गिलाव्याला तडा होता, पण रोज हातोडा चालवल्यावर तो जाणारच. मी ताईंना तसं म्हटलंही. त्यांना पटलं. अप्पा आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पलंगावर बसले.

ठरलं असं की १५ तारखेला ताई गाडी घेऊन येतील आणि त्यांना काही दिवस आपल्याकडे नेतील. डॉक्टरांना दाखवतील. पहिले पाहुणे, एक नवं जोडपं, १६ला येणार आहेत. सगळं जुळून येतंय. असं लिहिलं खरं, पण जेवण गेलं नाही.

१३ नोव्हेंबर

पलंगाची नवी गादी घेऊन दोन हमाल आले होते. अप्पा केस कापायला गेले होते. मनात आलं, पाहुणे जिन्याकडे जाणार ते अप्पांच्या दारावरूनच. आतला तो पसारा बघून काय म्हणतील? हमालांना म्हटलं, "ते कपाट भिंतीला लावा."

त्यांनी लोटून पाहिलं. हलेना. "बाई, वरून दाबलंय. राहू द्या की असंच."

"म्हाताऱ्या माणसाचा खेळ आहे तो. निदान वरचा ढीग तरी काढा."

एक जण वर चढला. पाचरी इतक्या घट्ट की अप्पांचाच हातोडा घेऊन उलट्या बाजूने ठोकून काढाव्या लागल्या. शेवटची निघाली तेव्हा लाकूड मोठ्याने करकरलं आणि भुकटीचा पाऊस पडला. हमाल उडी मारून बाजूला झाला. नंतर सगळं शांत. कपाट तिथेच राहू दिलं, लाकडं कोपऱ्यात लावली आणि मी खोली झाडून घेतली. किती दिवसांनी खोलीसारखी दिसली.

आता वर जाते. पाणी तापतंय. पाहुण्यांच्या आधी मीच. घरात कुणी नाही, कुणी हाक मारणार नाही.

१४ नोव्हेंबर

लिहून काढल्याशिवाय चैन पडणार नाही.

काल काठोकाठ टब भरला आणि आत उतरले. पाठ टेकली, पाय लांब केले. खिडकीतून ऊन येत होतं. डोळे मिटले. स्वर्ग म्हणजे दुसरं काय, असं वाटलं. पाणी पाठीकडून किंचित सांडलं. मला वाटलं, मीच जास्त भरलं असेल.

मग खाली दार घासल्याचा आवाज झाला. अप्पा आले होते. आणि एकदम खालच्या खिडकीतून हाक आली. माझ्या सासऱ्यांचा असा आवाज मी हे गेले तेव्हाच ऐकला होता.

"सूनबाई! आत आहेस का? पाण्यात आहेस?"

मी दचकून उठायला गेले. टब डगमगला. पायाखालून असा काही आवाज आला की माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"उठू नकोस! अजिबात उठू नकोस! बूच काढ. पाणी जाऊ दे. पडून राहा."

पायाच्या अंगठ्यात साखळी अडकवून बूच ओढलं. पाणी जायला लागलं. इतकं सावकाश! खाली धडपड, लाकडं ओढल्याचा आवाज, मग ठक, ठक, ठक. ते त्या छताखाली उभे राहून ठोकत होते. माझ्या बरोब्बर खाली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कपाट, फळ्या, भुकटी, तडा, घासणारं दार, पळालेला बुडबुडा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी रेडिओ लावून बसले होते.

"अप्पा, बाहेर व्हा तुम्ही! आधी बाहेर व्हा!"

"तू आधी."

"मी कशी येऊ? तुम्हीच म्हणताय, हलू नकोस."

"मग बोलू नकोस. पडून राहा."

ठक, ठक. पाणी कमरेपर्यंत आलं, मग मांड्यांपर्यंत. माझे दात वाजायला लागले. थंडीने की भीतीने कोण जाणे. ठोके थांबले की माझा जीव जायचा.

"अप्पा?"

"आहे. श्वास घेतोय."

"तुळईला काय झालंय? त्या दिवशी काय सांगत होता?"

खिडकीतून त्यांच्या धापा ऐकू येत होत्या. "मधली तुळई सलग नाही. दोन तुकड्यांची जोड आहे. सलग लाकूड यायला वेळ लागणार होता. लग्न तोंडावर आलं होतं. तू येणार होतीस. तुला वेगळी खोली हवी, खाली आमच्या गर्दीत अवघडशील, म्हणून घाईघाईत जोड मारून घेतला. पुढे बदलू म्हटलं, ते राहूनच गेलं."

मी त्या रिकाम्या होत चाललेल्या टबात पडून हुंदके देत होते.

"गेलं का पाणी?"

"थोडं उरलंय. पाठीकडे."

"ते राहू दे. आता माझ्या पाचरी बसल्यात. भिंतीच्या बाजूने उतर. फरशीवर उभी राहू नकोस, रांगत भिंतीला धरून जिन्यापर्यंत ये."

आले. टॉवेल गुंडाळून, लहान मुलासारखी रांगत. जिन्यावर पाय पडला तशी ओरडले, "आले! अप्पा, आले मी! निघा आता!" ते बाहेर आले. अर्धेच केस कापलेले, मानेवर न्हाव्याचं फडकं तसंच गुंडाळलेलं. न्हाव्याच्या दुकानात बसले असताना रस्त्यावरून जाणारे हमाल आपसात म्हाताऱ्याच्या खेळाची गंमत सांगत होते, ती त्यांच्या कानावर पडली होती. तसेच खुर्चीतून उठून आले होते.

त्यांच्या हाताला फोड आले होते. मी हात धरले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१५ नोव्हेंबर

गवंडी आणि सुतार येऊन लोखंडी टेकू लावून गेले. टब उद्या उतरवतील आणि मागच्या अंगणात ठेवतील, जमिनीवर. पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवलं. सुताराने कपाटावर हात फिरवून विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यांनी."

दुपारी दारात गाडी वाजली. ताई! या धांदलीत त्यांना कळवायचं राहूनच गेलं होतं. मी लगबगीने अप्पांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसले होते, स्वच्छ सदरा घालून, बाकीचे केस कापून. पायाशी भरलेली बॅग. त्यांनी ती आपली आपणच भरली होती. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. खिडकीत ऊन खात पडलेल्या बोक्याला म्हणाले, "बोक्या, विचार तिला, निघू ना मी?"

मी बॅग उचलली. उघडली. त्यातले सदरे एकेक करून त्या खोलीच्या मधोमध उभ्या असलेल्या कपाटात ठेवायला लागले. मला सरळ त्यांच्याशी बोलायचं होतं. तरी मीही बोक्याकडेच वळले.

"बोक्या, सांग त्यांना, ताई आल्यात, तिघांचा चहा ठेवतेय. आणि विचार, साखर किती घालू?"